आबांनी लावलेली तार

अक्काची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ती घोडीवर बसलेली होती आणि खाली उतरण्याचा तिचा काही विचार दिसत नव्हता. मी दारात उभी. हातात बॅग, खांद्याला पर्स, कोल्हापूरहून रात्रभर एसटीत बसून आंबलेली. वरून प्रश्न आला, "तू लाईटवाली शे ना? घर देखाले उनी का?"

वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता म्हणून माझी पहिलीच नेमणूक भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या त्या गावात झाली होती. उपकेंद्र गावाला लागूनच होतं. ऑफिसातल्या वायरमननं सांगितलं होतं की अक्काची वरची खोली रिकामी आहे, फक्त म्हातारी जरा वेगळी आहे. वेगळी म्हणजे काय, ते त्यानं सांगितलं नव्हतं.

मी मान हलवली. घोडीनं माझ्या पर्सचा वास घेतला.

"घोडीना भ्याव वाटस का?"

"थोडं वाटतं."

"थोडं वाटाले पायजे. ऱ्हाय मंग." एवढं बोलून ती निघून गेली. किल्ली दाराच्या कोनाड्यात होती, हे मला शेजारणीनं सांगितलं.

अक्का तेव्हा साठीच्या पुढे होती. अंगकाठी सडसडीत, पोक अजिबात नाही. साडीच्या आत नवऱ्याची जुनी पँट, साडीचा घोळ कमरेला खोचलेला, पायात नवऱ्याचेच बूट, पुढे कापूस कोंबून बसवलेले. डोक्यावर पदर मात्र कधी ढळला नाही. माहेर शिंदखेड्याकडचं. वडील घोड्यांचा व्यापार करायचे, सारंगखेड्याच्या बाजारात त्यांचा शब्द चालायचा. लहानपणी ती भावांबरोबर घोडीवर बसायची, आणि भावांपेक्षा चांगली बसायची, हे ती स्वतः सांगायची आणि त्यात तिला काही संकोच वाटत नसे. लग्न होऊन इकडे आली आणि ते सगळं बंद झालं. सासरी बैल होते, म्हशी होत्या, घोडी कशाला लागते? नवरा वारला, मुलगी धुळ्याला दिली, आणि घर रिकामं झालं तेव्हा अक्का एकटीच बाजाराला गेली आणि एक कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाची, अंगानं भरलेली शिंगरी घेऊन आली. तिचं नाव तिनं लाडी ठेवलं. गाव म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. मुलगी धुळ्याहून फोनवर रडली. अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीवरून शेतात गेली आणि त्यानंतर कधी पायी गेली नाही.

म्हणजे पायी गेली नाही असं म्हणायचं, पण खरं तर बरीच वाट ती पायीच चालायची. का, ते मला हळूहळू कळलं.

तिचं वावर गिरणेच्या अंगाला होतं. मधे दुसऱ्यांची शेतं, बांध, नाला, जुनी गाडीवाट. ती लहान असताना शिंदखेड्यापासून सारंगखेड्यापर्यंत घोडीवरून एकदाही न उतरता जाता यायचं, असं ती सांगायची. आता आमच्या शिवारात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, एवढी वाढली होती की मक्याचा दाणा घरी येईपर्यंत भरवसा नव्हता. ज्याला जमेल त्यानं कुंपण केलेलं. कुणाची काटेरी तार, कुणाची झटका मशीनची. ही मशीन म्हणजे सौर बॅटरीवर चालणारा एक डबा. त्याच्यातून बारीक तारेत झटका सोडलेला असतो. जनावर मरत नाही, मागं फिरतं. माणसालाही लागला तर चांगली शिवी देण्याइतका लागतो. ही तार इतकी बारीक असते की चार पावलांवरून दिसत नाही. त्यात गवत वाढलं की संपलंच.

अक्काच्या खोगिराला एक खताच्या पोत्याची पिशवी बांधलेली असायची. तिच्यात एक पक्कड आणि पांढऱ्या चिंध्यांचं बोचकं. जिथं नवी तार दिसेल तिथं ती उतरायची, शेतमालकाला हाक मारायची, "भाऊ, बांधू का?" असं विचारायची आणि हातभर अंतरावर एकेक चिंधी बांधत जायची. आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं आणि घोडीलाही दिसतं. सुरुवातीला लोक हसायचे. शिवाराला नवस बोलल्यासारखं दिसतं म्हणायचे. पुढे पुढे असं झालं की कुणी कुंपण करायला काढलं की अक्काला निरोप जायचा. नारळ फुटायचा, पहिली चिंधी अक्का बांधायची, मग गूळ-खोबरं. मी एकदा अशा कार्यक्रमाला गेले होते. अक्का एवढी गंभीर होती की कुणाच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणायला उभी राहिल्यासारखी.

पक्कड जवळ असूनही तिनं कुणाची तार कधी तोडली नाही. मी एकदा म्हटलं, "अक्का, ही वाट तर जुनी आहे. सरळ तोडून जायचं." ती माझ्याकडे रागानं बघत म्हणाली, "त्याना मका डुकरं खातस. तू देशी का भरीसन? त्यानं बी खरं शे, मनं बी खरं शे. मी उतरस, वळसा घालस. माले काय, टाइमच टाइम शे."

कुंपण करून झाल्यावर लोक तारेचे तुकडे तिथंच टाकतात. अक्का ते वेचायची. गवतात वाकून वेचायची आणि पदराच्या टोकाला बांधून आणायची. ते तुकडे अंगणातल्या मोडक्या बादलीत पडायचे. त्या आवाजानं मला रोज संध्याकाळी कळायचं की अक्का आली.

संध्याकाळी परतताना सूर्य समोर असला की ती सगळी वाट उतरून चालायची, घोडीचा लगाम हातात धरून. गवत छातीला आलं की काठीनं पुढचं चाचपत चालायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तारले डोया नहीत. घोडीले डोया शेतस, पन तिले तार दिखस नही. मंग कोनी देखानं? बठनारानी."

सकाळचा एक उद्योग मी खिडकीतून रोज बघायची. लाडी अंगणात उभी. अक्का तिच्या पुढच्या पायाला मऊ सुती दोरी गुंडाळायची, दुसरं टोक हातात घ्यायची आणि हळू ओढायची. घोड्याचा स्वभाव असा की पाय अडकला की तो घाबरून हिसके मारतो. तारेत अडकलेला घोडा हिसक्यांनीच स्वतःला कापून घेतो. लाडीनं तसं करू नये म्हणून अक्का तिला शिकवत होती. दोरी ताणली की "थाम." लाडी थांबली की दोरी सैल. मग मानेवर थाप, गुळाचा खडा. मग दुसरा पाय. वर्षानुवर्षं रोज. घोडी इतकी शिकलेली होती की मला कधी कधी वाटायचं, आता हिला शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही, अक्काला नुसती सवय झाली आहे.

आमच्या ऑफिसवर तिनं एकदा स्वारी केली. एका खांबाला जो तिरपा ताण दिलेला असतो, त्याची तार तिच्या वाटेवर उतरली होती आणि ती काही नजरेत भरत नव्हती. अक्का घोडीवरून थेट फाटकात आली, लाडीला फाटकाला बांधली आणि आमच्या साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसली. साहेब जळगावचे, शुद्ध बोलणारे. त्यांनी अर्ज द्यायला सांगितला. अक्का म्हणाली, "अर्ज देस. तवलोंग घोडी आठेच बांधस. तिले पानी दाखाडा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकातून वायरमनची मोटारसायकल निघेना, बिल भरायला आलेले लोक घोडी बघत उभे. दुपारपर्यंत मी त्या ताणाला पिवळा पाइप बसवून आले. त्या दिवसापासून साहेब मला "तुमच्या घोडेवाल्या अक्का" असं म्हणायचे, आणि अक्का सगळ्या गावाला सांगायची, "मनी लाईटवालीनी काम करं."

आता आबांबद्दल सांगायला हवं.

आबा म्हणजे अक्काच्या नवऱ्याचे दोस्त. दोघांची शेतं एकाच बांधाला लागून. आबांची बायको आधीच गेलेली, मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात. नवरा वारला त्या वर्षी अक्कानं आबांना राखी बांधली, आणि मग दरवर्षी. आबा जाडजूड, हळू चालणारे, कमी बोलणारे. त्यांच्या शेतातून अक्काची वाट जायची म्हणून त्यांनी आपल्या कुंपणात दोन ठिकाणी बांबूची फाटकं ठेवली होती. ती उघडायची सोपी जावीत, घोडीवरून वाकून हाताला यावीत म्हणून कडी वर लावलेली. त्यांना स्वतःला ती कडी उंच पडायची.

आणि या माणसाला अक्का दिवसभर शिव्या घालायची. दुसरा शब्द नाही. "आबा, बिडी फेक पयले!" "आबा, तुले अक्कल शे का? तिफन पावसामा ठेवी दिधी?" "आबा, गोयी लिधी का बीपीनी? नही लिधी. तोंडच सांगस तुनं." बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हा आवाज चालायचा. आबा हसायचे. ऐकून घेतल्यावर हळूच म्हणायचे, "झालं का? चहा मांडू?" मला वाटतं, दिवसभरात कुणी त्यांच्याशी एवढं बोलत असेल तर ती एकटी अक्काच.

आबांनी झटका मशीन बसवली तेव्हा अक्का स्वतः गेली आणि दोन दिवस चिंध्या बांधत बसली. पण आपल्या शेताला तिनं तार लावू दिली नाही. "मना वावरमा तार नही." आबा म्हणायचे, डुकरं तुझाच मका खातील मग. ती म्हणायची, खाऊ देत. याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. तिच्या शेताच्या कडेला, नदीच्या बाजूला, गवताची एक लांब पट्टी तिनं पडीक ठेवली होती. सगळ्या शिवारात तेवढी एकच जागा अशी होती की जिथं तार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिथं ती लाडीला सोडायची. म्हणजे खरंच सोडायची, भरधाव. गावात कुणी ते पाहिलं नव्हतं. साठीची बाई घोडी पळवते हे लोकांच्या तोंडी जायला नको म्हणून ती सकाळी लवकर, एकटीच जायची.

माझ्या तिथल्या चौथ्या पावसाळ्यात अक्काला चिकुनगुनिया झाला. बोटं मिटेनात, उठता येईना. मुलगी येऊन तिला धुळ्याला घेऊन गेली. लाडीचा दाणापाणी मी बघत होते आणि आबा शेत बघत होते. रोज संध्याकाळी अक्काचा फोन. आधी लाडीची चौकशी, मग माझी. मग आबांना फोन. "वावर कसं शे?" "झकास शे. तू बरी हो. ये, मंग देख."

आबा खोटं बोलत नव्हते. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. अक्काचा मका कणसाला आला आणि डुकरांचा कळप नदीकडून त्या गवताच्या पट्टीतून यायला लागला. दोन रात्रींत एक कोपरा आडवा झाला. आबांनी आपल्या खर्चानं, आपल्या हातांनी त्या बाजूला तार ओढली आणि आपल्याच मशीनवरून जोडून दिली. डुकरांसाठी असते तशी खाली, गुडघ्याच्या उंचीला. दोन पदर, गवताच्या पट्टीच्या आरपार. फोनवर सांगितलं तर अक्का नाही म्हणेल, हे त्यांना माहीत होतं. आली की उभा मका दाखवू, मग बोलू, असा त्यांचा विचार. चिंध्याही त्यांनी फाडून ठेवल्या होत्या, स्वतःच्या एका धोतराच्या. पण पावसाची झड लागली. झड थांबली की बांधू, अक्का तर पोळ्यानंतरच येणार आहे.

अक्का पोळ्याच्या आधीच आली. मुलीशी भांडून, पहाटेच्या गाडीनं. कुणाला कळवलं नाही. दारात उतरली ती आधी लाडीच्या गळ्यात पडली. चेहरा ओढलेला, पण डोळे लहान मुलीसारखे. रविवार होता. चहा झाल्यावर मला म्हणाली, "चाल. तुले आज दखाडस."

"काय?"

"चाल ना."

मी स्कूटी घेऊन गाडीवाटेनं गेले, ती फाटकांतून. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, सगळं शिवार ओलं आणि हिरवं. तिच्या बांधावर मी निंबाखाली उभी राहिले. अक्का पट्टीच्या एका टोकाला गेली. एरवी ती नव्या जागी आधी पायी चालून बघायची. ही जागा तर तिची स्वतःची. तिनं साडी खोचली, लाडीच्या कानाशी काहीतरी बोलली आणि सोडली.

माणसाचं वय निघून जाताना मी पाहिलं ते तेवढंच एकदा. ती वाकली होती, पदर पहिल्यांदाच डोक्यावरून पडला होता, पांढरे केस मोकळे, आणि लाडी जमिनीला लागत नव्हती असं वाटत होतं. मी ओरडले सुद्धा, आनंदानं. त्या ओरडण्यातच ते झालं. लाडीचे पुढचे पाय एकदम थांबले आणि मागचं अंग पुढे आलं. अक्का तिच्या मानेवरून पुढे चिखलात फेकली गेली.

मी धावले. अक्का कुशीवर पडली होती, एक हात वेडावाकडा. लाडी उठली होती. तारेचे दोन्ही पदर तिच्या पुढच्या पायाभोवती आवळले गेले होते आणि मांसात शिरले होते. डोळे पांढरे, सगळं अंग थरथरत होतं. पाय उचलून ती आता हिसका मारणार, तेवढ्यात अक्का चिखलातूनच म्हणाली, "थाम. लाडी, थाम माय, थाम." ती ओरडली नाही. अंगणात रोज म्हणायची तशीच म्हणाली.

लाडी थांबली. रक्त वाहत होतं, अंग कापत होतं, पण तो पाय तिनं हलवला नाही.

"पक्कड पिशवीमा शे," अक्का मला म्हणाली. "मना हात नही उचलावस. तू तोड."

तारेचं काम माझ्या रोजच्या सवयीचं. आधी तारेच्या मागं पळत जाऊन आबांच्या बांधावरची मशीन बंद आहे का ते बघून आले. दिवसा बंदच होती. ताणलेली तार तोडली की टोक चाबकासारखं उडतं, म्हणून खुंटीजवळ पाय देऊन धरलं आणि तोडलं, मग दुसरीकडे. मग पायाभोवतीचे वेढे एकेक करून सोडवले. हे सगळं होईपर्यंत अक्का तिथंच पडून "थाम, थाम" म्हणत होती. ती कळवळून एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर लाडी भडकली असती.

तेवढ्यात आबा आले. घोडी पळाल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. पोट धरून, धापा टाकत, ते बांधावरून उतरले. त्यांच्या हातात चिंध्यांचं गाठोडं होतं. खोपीतून निघताना तेच हातात आलं असावं. त्यांनी घोडीचा पाय पाहिला, तार पाहिली, अक्काला पाहिलं. आणि चिखलात खाली बसले.

भडगावहून गुरांचे डॉक्टर आले. टाके घातले. म्हणाले, शीर तुटलीय, घोडीनं हिसके मारले असते तर पायच गेला असता. वाचेल. पण आता सवारी नाही. अक्काचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. तिला जीपमध्ये घालताना आबा तिच्या पायाशी उभे होते. तेव्हा अक्का बोलली.

"आबा, चूक तुमनी नही. मनीच शे. मी उतरीसन देखाले पायजे व्हतं. तुम्ही जीवाले लावू नका."

आम्ही सगळे म्हणालो, केवढं मोठं मन. मीही म्हणाले. खानदेशात आपल्या माणसाला अरेतुरेच करतात, आईलासुद्धा. अक्का आबांना पहिल्यांदाच "तुम्ही" म्हणाली होती, हे त्या धावपळीत कुणाच्या कानाला खटकलं नाही. आबांच्या कानाला खटकलं असणार.

कारण त्यानंतर ती त्यांना "तुम्ही"च म्हणायला लागली. मुद्दाम नाही. त्यांना लागेल असा एकही शब्द तोंडून जाऊ नये म्हणून ती जपायला लागली. आबा दारात आले की "या, बसा आबा." आबांनी तिच्यासमोर बिडी पेटवली तर ती बघून न बघितल्यासारखं करायची. गोळीचं विचारायची नाही. बांधावरचा तो सगळा आवाज बंद झाला. आबा यायचे, लाडीच्या पायाला हात लावून बघायचे, बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. मग एक दिवसाआड यायला लागले. मग आठवड्यानं.

एकदा मी आणि अक्का पायी शेतावर गेलो, तिचा हात अजून गळ्यात बांधलेला. आबांच्या शेतात आबा वाकून काहीतरी करत होते. जवळ गेलो तर ते स्वतःच्या शेताची तार काढत होते. सगळी. वेटोळी करून बांधावर ठेवलेली. त्यांचा मका डुकरांनी निम्मा लोळवलेला.

अक्का म्हणाली, "आबा, हाई काय करी राहिनात तुम्ही? पीक जाई ना."

आबा उठले. "अक्का," ते म्हणाले, "तू माले शिव्या दे."

"कसाले? तुमनी काय चूक?"

"तेच ना. बठ्ठी चूक तू लि लिधी. मना वाटाले काय ठेवं?" त्यांनी हातातली तार खाली टाकली. "एक डाव दे. आईवरतून दे. मी ऐकी लेस, मंग घर जास, मंग झोप येई माले."

मला वाटलं आता ती देईल. तिचं तोंड उघडलंही. पण तिनं त्यांचं ते थकलेलं तोंड पाहिलं, आणि म्हणाली, "नका असं बोलू आबा. तुम्ही मनासाठेच करं ना ते."

आबांनी मान हलवली आणि पुन्हा वाकून तार काढू लागले.

भाऊबीजेला ते आले. अक्कानं ओवाळलं, पानात पुरणपोळी वाढली, "घ्या ना आबा, आजून घ्या" म्हणाली. दोघंही इतके नीट वागले की मला जेवण गेलं नाही. थंडीत मुलगा येऊन त्यांना सुरतेला घेऊन गेला. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं म्हणून गेले ते तिकडेच राहिले. शेत बटाईनं दिलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

गेल्या उन्हाळ्यात मी धुळ्याला एका लग्नाला आले होते, तेव्हा वाट वाकडी करून गावी गेले. अक्का वाकली आहे. लाडी आहे, म्हातारी झाली आहे, लंगडत अंगणात फिरते. सकाळ-संध्याकाळ दोघी शेताच्या वाटेनं थोडं चालून येतात. आबांच्या शेतात आता बटाईदाराची काटेरी तार आहे, फाटकं गेली आहेत. म्हणून ती नाल्याच्या कडेनं वळसा घालून जाते.

दुपारी ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं नव्हतं, तीच बोलायला लागली. "लाडीना पायनं मी काही मनमा नही ठेवं," ती म्हणाली. "घोडीना पाय गया, मना हात गया, ते चालस. पन आबाले मी शिव्या द्याले पायजे व्हत्या. माले वाटनं, मी मोठं मन करी राहिनू. तो मांगत व्हता, आनि मी दिध्या नही." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "त्या माणूसले मी परका करी टाकं."

मी म्हटलं, "अजून कुठं काय गेलंय? आता दे. फोन लावू?"

ती हसली. मग खरंच सरसावून बसली. "लाव," म्हणाली. "आज सोडस नही त्याले. बिडीपासून सुरू करस." मी नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन तिच्यापुढे धरला. सुरतेला घंटी वाजत राहिली. मग सुनेचा आवाज, मग खुर्ची सरकल्याचा, मग आबा.

"कोन?"

"मी," अक्का म्हणाली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. पलीकडे आबा वाट बघत होते. अक्काचे ओठ हलले, आणि ती म्हणाली, "जेवन व्हयनं का तुमनं?"

"व्हयनं," आबा म्हणाले. "तुमनं?"